ओळख-व्यवस्थापनात काम करणाऱ्यांसाठी सामायिक ज्ञानसंग्रह: सुरुवात कुठून करायची?

किल्लीजुडगा

नमस्कार मंडळी,

गेली चौदा वर्षं मी एकच काम करतोय. कोणाला कुठल्या प्रणालीत शिरू द्यायचं, आत आल्यावर त्याला काय काय करू द्यायचं, आणि तो माणूस निघून गेला की कुठली कुठली दारं बंद करायची. या कामाचं शिक्षण घेऊन आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. कोणी सर्व्हर सांभाळता सांभाळता इकडे ओढला गेला, कोणी मनुष्यबळ विभागाच्या सॉफ्टवेअरमधून आला, कोणी लेखापरीक्षणातून. जो तो आपल्या वाट्याला आलेला कोपरा ओळखतो, आणि पलीकडचं सगळं ऐकीव.

हा धागा काढायला निमित्त झालं एका प्रश्नाचं. आमच्याकडे नवीन रुजू झालेल्या सहकारी बाईंनी विचारलं, "वापरकर्त्याची मुख्य खूण म्हणून ईमेलच का नाही वापरायचा? सगळ्यांकडे असतो, वेगळा असतो." मी समजावायला बसलो आणि बोलता बोलता लक्षात आलं की हे मी आजवर किमान सहा जणांना समजावलंय. दरवेळी पहिल्यापासून, आणि दरवेळी तीच जुनी घटना सांगून.

घटना अशी. मी पूर्वी जिथे होतो तिथे ईमेल हीच खूण होती. एका बाईंनी आडनाव बदललं, ईमेल बदलला. प्रणालीला वाटलं नवीन माणूस आला. त्यांची अकरा वर्षांची कागदपत्रं एका रात्रीत परकी झाली. हे निस्तरता आलं. पण पुढच्याच वर्षी नोकरी सोडून गेलेल्या एकाचा पत्ता त्याच नावाच्या नव्या माणसाला दिला गेला, आणि नव्याला पहिल्याच दिवशी जुन्याचे पगाराचे कागद दिसले. त्यानेच प्रामाणिकपणे येऊन सांगितलं म्हणून कळलं.

ओपनआयडी कनेक्टच्या (एका ठिकाणच्या लॉगिनवर दुसरीकडे आत घेण्याच्या मानकाच्या) मूळ विनिर्देशात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: वापरकर्त्याची कायमची, अद्वितीय खूण म्हणून फक्त 'आयएसएस' (ओळख देणारी प्रणाली कोणती) आणि 'सब' (त्या प्रणालीने त्या माणसाला दिलेली न बदलणारी खूण) ही जोडी धरायची. ईमेल, फोन, नाव यांपैकी काहीही धरायचं नाही. विनिर्देश २०१४ चा. आम्ही दुसऱ्यांदा तोंडावर पडलो तो त्यानंतर. म्हणजे उत्तर उपलब्ध होतं, फक्त आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

तर माझं म्हणणं असं आहे. आपण मिळून एक संग्रह उभा करू या, ज्यात व्याख्येबरोबर कारण लिहिलेलं असेल. असं का करायचं, आणि नाही केलं तर नेमकं काय बिघडतं. कोण कोण तयार आहे?

---

तळटीप

कल्पना चांगली आहे, पण असं काही आधीपासून आहे हे नोंदवून ठेवतो. आयडीप्रो ही या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संघटना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२० पासून ते 'बॉडी ऑफ नॉलेज' प्रकाशित करत आहेत. जाणकारांनी तपासलेले लेख, कोणालाही वाचायला खुले. आपण चाक पुन्हा शोधायला तर बसत नाही ना?

---

किल्लीजुडगा

@तळटीप, रास्त शंका. तो संग्रह मी वाचतो आणि प्रत्येकाला वाचायला सांगतो. त्याचं भाषांतर करावं असं माझ्या मनात नाही. परवान्याच्या अटी न वाचता ते करणं योग्यही नव्हे.

पण आमच्या चमूतली निम्मी माणसं इंग्रजी लेख वाचतात आणि चर्चा मात्र मराठीत करतात. वाचलेलं आणि बोललेलं यांच्यामध्ये बरंच काही सांडतं. बैठकीत सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर कळतं की तिघांनी तीन गोष्टी ऐकल्या. मला त्या सांडलेल्या जागेबद्दल काहीतरी करायचं आहे.

---

शब्दवेडी

किल्लीजुडगा, शेवटच्या परिच्छेदाला माझा जोरदार दुजोरा. मी तांत्रिक लेखनात आहे, त्यामुळे हे सांडणं रोज बघते. थोडं सविस्तर लिहिते.

'ओळख पटवणे' हा आपला रोजचा शब्दप्रयोग घ्या. मराठीत तो किमान तीन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. पहिलं: समोरचा माणूस प्रत्यक्षात कोण आहे हे कागदपत्रं, छायाचित्र वगैरे बघून पहिल्यांदा ठरवणं. दुसरं: आज दारात आलेला माणूस त्या दिवशी नोंदवलेला तोच आहे का, एवढंच बघणं. तिसरं: हजारोंच्या गर्दीतून हा कोण ते शोधून काढणं. तिन्ही कामांची साधनं वेगळी, चुकांचे प्रकार वेगळे, खर्च वेगळा. आणि आपण तिन्हींना एकच नाव देऊन बैठक संपवतो.

पहिल्या आणि दुसऱ्या कामातला हा फरक इंग्रजीतही एकदम झालेला नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेच्या ८००-६३ या डिजिटल ओळखीवरच्या मार्गदर्शिकेत आधी एकच चार पायऱ्यांची शिडी होती. २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिची फोड केली: माणूस कोण हे किती खात्रीने ठरवलं त्याची पातळी वेगळी, लॉगिन किती भक्कम त्याची वेगळी, आणि एका प्रणालीने दुसरीला दिलेली ग्वाही किती विश्वासार्ह त्याची वेगळी. कारण टोपणनावाने वावरणाऱ्यालाही भक्कम लॉगिन हवं असू शकतं. त्याचं खरं नाव जाणून घ्यायची गरज नसते.

'प्रमाणीकरण'ची तर फारच ओढाताण आहे. कोणी लॉगिनला प्रमाणीकरण म्हणतो, कोणी प्रमाणपत्र देण्याला, कोणी मानक ठरवण्याला. एकाच कागदावर तिन्ही अर्थ मी पाहिलेले आहेत.

म्हणून माझी सूचना: पहिला विभाग शब्दांचा करा. पंचवीस-तीस शब्द पुरेत. पण प्रत्येक शब्दाखाली 'हा शब्द कशासाठी वापरू नये' हेही लिहा.

---

दारवान

शब्दवेडीताई, आदर राखून असहमत. प्रत्यक्ष काम करताना त्रुटीचा संदेश इंग्रजीत येतो, पडद्यावरचं बटण इंग्रजीत असतं, शोध इंग्रजीत घ्यावा लागतो. मराठी पर्यायी शब्द घडवत बसलो तर नवीन माणसाला दोन कोश पाठ करावे लागतील. ऑथेंटिकेशन (कोण ते तपासणं), ऑथरायझेशन (काय करू द्यायचं ते ठरवणं), टोकन (लॉगिननंतर मिळणारा मुदतीचा डिजिटल पास), सेशन (लॉगिन चालू असल्याची अॅपकडची नोंद) हे आहेत तसे ठेवा.

---

शब्दवेडी

दारवान, आपण फारसे लांब नाही. संज्ञा आहे तशी ठेवायला माझी हरकत नाही. पण तिचा खुलासा मराठी क्रियापदांत हवा, कारण घोटाळा क्रियापदांत उघडा पडतो. 'ऑथेंटिकेशन झालं' असं म्हटलं की काय झालं ते झाकलं जातं. 'पासकीने (वापरकर्त्याच्या उपकरणातल्या गुप्त किल्लीने) सही केली आणि सर्व्हरने ती जुळवून पाहिली' असं म्हटलं की कोणी काय केलं ते दिसतं.

आणि मूळ इंग्रजी संज्ञाही निर्दोष नाहीत हं. एचटीटीपीमधला (ब्राउझर आणि सर्व्हरच्या संभाषणातला) ४०१ चा संदेश 'अनऑथराइज्ड' म्हणतो, पण त्याचा अर्थ 'तुम्ही कोण ते मला पटलेलं नाही' असा. 'तुम्ही कोण ते कळलं, पण परवानगी नाही' याला ४०३. नावावर विसंबून किती जणांनी चुकीच्या जागी बिघाड शोधला असेल!

---

दारवान

४०१ चं उदाहरण पटलं. मी स्वतः त्यात एक अख्खी दुपार घालवली आहे. शब्दांच्या विभागात हे नक्की घ्या. क्रियापदांचा मुद्दा मान्य.

---

कालमुदत

मला वेगळीच काळजी आहे. संग्रह उभा राहतो, पण शिळा होतो. आपल्या क्षेत्रात शिळं ज्ञान धोकादायक असतं, कारण ते कधीकाळी बरोबर असतं आणि म्हणून त्याच्यावर कोणी शंका घेत नाही.

ओऑथ २.० (पासवर्ड न देता अॅपला परवानगी देण्याची पद्धत) ची आरएफसी ६७४९, म्हणजे तिचा क्रमांकित मानक-दस्तऐवज, ऑक्टोबर २०१२ ची. त्यात ब्राउझरमधल्या अॅप्ससाठी 'इम्प्लिसिट' मार्ग दिला होता, ज्यात टोकन थेट ब्राउझरच्या हाती येतं. तेव्हा त्याला कारण होतं: एका संकेतस्थळावरच्या स्क्रिप्टने दुसऱ्या संकेतस्थळाशी बोलणं तेव्हा सगळ्या ब्राउझरमध्ये सुरळीत होत नव्हतं. २०१५ मध्ये पीकेसीई (मध्येच चोरलेला लॉगिनचा कोड चोराला वापरता येऊ नये अशी सोय) आलं, आरएफसी ७६३६, मुख्यतः मोबाइल अॅप्ससाठी. पुढे ब्राउझरही सुधारले. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० ने सांगितलं की इम्प्लिसिट टाळा, सार्वजनिक क्लायंटना (गुपित जपू न शकणाऱ्या अॅप्सना) पीकेसीई सक्तीचं, आणि वापरकर्त्याचा पासवर्ड थेट अॅपमध्ये घेण्याचा मार्ग तर मुळीच वापरू नका. पण आजही शोध घेतला की जुन्या पद्धतीचे धडे समोर येतात. त्यांत तारीख नसते, आणि तो निर्णय कोणत्या अडचणीपोटी घेतला होता हेही नसतं.

पासवर्डचंही तेच. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणं हा कित्येक ठिकाणी देवाज्ञेसारखा पाळला जातो. एनआयएसटीने २०१७ मध्येच म्हटलं होतं की ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती करू नये. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत तीच सूचना आणखी कडक शब्दांत, पूर्ण मनाई म्हणून आली आहे. कारण साधं आहे: सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा वाढवतो.

म्हणून प्रत्येक नोंदीवर तीन गोष्टी हव्यात असा माझा हट्ट आहे. नोंद कधी तपासली, कोणी तपासली, आणि कशामुळे ती जुनी ठरेल. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. 'ब्राउझरने अमुक बंद केलं की ही नोंद पुन्हा बघा' असं लिहून ठेवलं, तर पुढच्या माणसाला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागणार नाही. बारा महिन्यांत कोणी हात न लावलेल्या नोंदीवर ठळक सूचना यावी.

---

किल्लीजुडगा

@कालमुदत, तिसरा रकाना मला सुचला नसता. घेतला.

---

तपासनीस

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. लेखापरीक्षण करतो, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कामाची झडती घेतो. मला या संग्रहात एक गोष्ट फार मनापासून हवी आहे: रुजू, बदली, कार्यमुक्ती या तीन टप्प्यांवर सविस्तर लेखन. इंग्रजीत जॉइनर-मूव्हर-लीव्हर म्हणतात, पण आपले कचेरीतले शब्द इतके नेमके आहेत की तेच वापरावेत.

रुजू होताना सगळे तत्पर असतात, कारण माणूस समोर उभा राहून तक्रार करतो. कार्यमुक्तीकडे अलीकडे लक्ष जायला लागलंय. बदलीकडे मात्र कोणी बघत नाही. माणूस खरेदी विभागातून लेखा विभागात जातो, नवे हक्क मिळतात, जुने तसेच राहतात. पाच-सहा वर्षांनी तोच माणूस मागणी नोंदवू शकतो, मंजूर करू शकतो आणि पैसेही सोडू शकतो. त्याने काही गैर केलेलं नसतं. हक्क त्याच्या अंगावर धुळीसारखे साठलेले असतात.

दर सहामाहीला वरिष्ठांकडे हक्कांची यादी जाते आणि 'सगळं योग्य' म्हणून परत येते. चारशे ओळींची यादी, ओळीत 'एफआयएन_एपी_०३_डब्ल्यू' असली नावं. तो बिचारा काय तपासणार? हक्काच्या नावापुढे 'पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलू शकतो' असं लिहिलं असतं तर त्याने तिथेच थांबून विचारलं असतं. हक्कांची नावं माणसाच्या भाषेत कशी लिहावीत, यावर एक स्वतंत्र लेख मी लिहून देतो.

आणि बेवारस खाती. विशेषतः यंत्रांची. एखादी स्क्रिप्ट रात्री चालते, तिच्यासाठी खातं काढलेलं असतं, काढणारा केव्हाच सोडून गेलेला, पासवर्ड कुठे कुठे लिहिलाय कोणाला ठाऊक नाही. बंद करावं तर काय पडेल याची भीती. अशा खात्याला वारस कसा शोधायचा, ही कृती कोणीतरी लिहाच. मी ती शिकायला उत्सुक आहे.

---

दारवान

बेवारस खात्यांची कृती मी लिहीन. थोडक्यात: आधी नोंदींतून ते कुठल्या यंत्रावरून वापरलं जातं ते महिनाभर बघायचं. महिनाअखेरीची कामं त्यात यायला हवीत. मग पुसून न टाकता फक्त निष्क्रिय करायचं, तेही कामाच्या दिवशी सकाळी, सगळे हजर असताना. शुक्रवारी संध्याकाळी कधीही नाही. सविस्तर स्वतंत्र नोंदीत.

---

नवखा_०७

मी या कामात आठ महिने आहे. इथलं सगळं वाचतोय आणि बरंच डोक्यावरून जातंय, तरी विचारतो. पहिल्यांदा काय वाचावं? मला केर्बेरॉस, एलडॅप, एसएएमएल, ओऑथ, एससीआयएम अशी यादी दिली गेली. प्रत्येकाचं थोडं थोडं वाचलं. पण एक असताना दुसरं का आलं हे कुठेच कळत नाही.

---

तळटीप

नवखा, तुमचा प्रश्न हाच या संग्रहाचा कणा व्हावा असं मला आता वाटायला लागलंय. (मी सुरुवातीला शंका काढली होती, ती मागे घेतो.)

तुम्हाला एक वाचायला सुचवतो. १९८८ साली एमआयटीच्या अथीना प्रकल्पातल्या बिल ब्रायंट यांनी केर्बेरॉसची (तिकिटांवर चालणाऱ्या लॉगिन-पद्धतीची) रचना समजावण्यासाठी नाटकासारखा चार प्रवेशांचा एक संवाद लिहिला. दोनच पात्रं. एक जण रचना मांडतो, दुसरा तिच्यातलं भोक दाखवतो, मग पहिला ते बुजवून परत येतो. शेवटी केर्बेरॉस तयार झालेलं असतं आणि त्यातला प्रत्येक भाग कुठल्या भोकापायी आला हे वाचणाऱ्याला कळलेलं असतं. तिकिटावर मुदत का? कारण चोरलेलं तिकीट कायम चालू नये. तिकिटाबरोबर दरवेळी वेळेचा शिक्का असलेली नवी खूण का? कारण मुदतीच्या आतही कोणी तेच उचलून पुन्हा वापरेल. किल्लीजुडगा 'कारण लिहा' म्हणतात ते असं करता येतं.

तुमच्या यादीचं उत्तर अगदी ढोबळ देतो. केर्बेरॉस एका संस्थेच्या जाळ्याच्या आत चांगलं चालतं. एलडॅप हे माणसांच्या नोंदवहीत डोकावण्याचं साधन. पुढे दोन संस्थांना एकमेकींच्या माणसांना ब्राउझरमधून आत घ्यायचं होतं, तिथे एसएएमएल. त्याची २.० आवृत्ती २००५ ची. मग प्रश्न बदलला: माझ्या वतीने एखाद्या अॅपला माझी काही माहिती वापरू द्यायची आहे, पण माझा पासवर्ड द्यायचा नाही. त्याचं उत्तर ओऑथ. ओऑथने लॉगिनचं काम करायचं नव्हतं, तरी लोक करू लागले आणि चुकले. म्हणून त्यावर ओळखीचा थर चढवला, तो ओपनआयडी कनेक्ट. एससीआयएम या सगळ्यांपासून बाजूला आहे. ते खाती तयार करायचं, बदलायचं, बंद करायचं काम करतं. माणूस लॉगिन करो वा न करो.

---

नवखा_०७

मनापासून आभार. आठ महिन्यांत पहिल्यांदा ही नावं एका ओळीत उभी राहिली.

---

सावधान

एक भीती मांडते. चुका, भोकं, कुठे काय बिघडतं हे सगळं उघड लिहिलं तर हल्लेखोरांना ते आयतंच मिळणार नाही का? शिवाय आपण सगळे नोकरीच्या करारांनी बांधलेले आहोत.

---

कालमुदत

पहिल्या भागाचं उत्तर इतिहासात आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी एसएएमएलच्या १४ प्रणाली तपासल्या आणि त्यांतल्या ११ मध्ये सहीच्या पडताळणीत मोठं भोक सापडलं. सही खरी, पण सही ज्या मजकुरावर केली तो एक आणि प्रणालीने वाचला तो दुसरा. हे आधी संबंधितांना कळवलं, मग प्रसिद्ध केलं. त्यामुळेच आज एसएएमएल हाताळणारा 'सही तपासलेलाच भाग वाचा' हे शिकतो. हल्लेखोर तर तोवर थांबून राहिलेले नसतात.

दुसरा भाग मात्र गंभीर आहे. माझं मत: संस्थेचं नाव, उत्पादनाचं नाव, वर्ष, माणसांची संख्या यातलं काहीही नको. दुरुस्त न झालेली त्रुटी तर मुळीच नको. घटनेचा सांगाडा पुरेसा असतो.

---

सावधान

सांगाड्यालाही दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जाऊ द्या, लिहिणाऱ्याला स्वतःच्या खुणा दिसत नाहीत. हे काम मी करेन. प्रत्येक घटना प्रसिद्ध व्हायच्या आधी माझ्याकडे पाठवा.

---

शब्दवेडी

व्यवस्थेबद्दल दोन ओळी. कोणीही येऊन बदलावं अशी पूर्ण खुली विकी नको. प्रत्येक नोंदीला एक पालक आणि एक तपासणारा. वाचणाऱ्याने 'हे चुकलंय' म्हणून सांगायला एक सोपी जागा. परवाना श्रेयनिर्देश आणि समवाटपाचा, म्हणजे उद्या आपण दमलो तरी दुसरे पुढे नेऊ शकतील. आणि उत्पादन विकणाऱ्यांनीही जरूर लिहावं, फक्त आपल्या उत्पादनाबद्दल नाही.

---

किल्लीजुडगा

सगळ्यांनी एवढं दिलंय की आता बोलत बसण्यापेक्षा एक नोंद लिहूनच बघू या. हा 'कार्यमुक्ती'चा पहिला मसुदा. निर्दयपणे तपासा.

*माणूस सोडून गेला की खातं पुसू नये, निष्क्रिय करावं. जुन्या कागदांवर, मंजुऱ्यांवर त्याची खूण असते. ती कोणाची हे दहा वर्षांनीही सांगता यायला हवं. ती खूण पुन्हा कधीही दुसऱ्याला देऊ नये.*

*मुख्य खातं निष्क्रिय केल्यावर पंधरा मिनिटांत सर्व प्रवेश संपतो. त्याआधी त्याच्या नावावरची यंत्रखाती, त्याने काढलेल्या एपीआय किल्ल्या (प्रोग्रॅमला आत घेणाऱ्या गुप्त खुणा) आणि त्याला माहीत असलेले सामायिक पासवर्ड यांची यादी करून प्रत्येकाला नवा वारस द्यावा. वारस मिळेपर्यंत कार्यमुक्ती पूर्ण झाली असं धरू नये.*

*ही नोंद जुनी कशामुळे ठरेल: टोकनची मुदत किंवा सेशनची पद्धत बदलली तर.*

---

तपासनीस

'वारस मिळेपर्यंत कार्यमुक्ती पूर्ण नाही' हे वाक्य मी माझ्या तपासणीच्या यादीत उचलून नेतोय.

---

नवखा_०७

एक विचारू का? 'पंधरा मिनिटांत सर्व प्रवेश संपतो' हे वाचून मी आमच्या चाचणीच्या प्रणालीवर करून पाहिलं. खातं निष्क्रिय केलं, पण आधीच उघडलेल्या एका अॅपमध्ये मी पुढचे ५२ मिनिटं काम करू शकलो. ते अॅप टोकनवरची सही आणि मुदत एवढंच बघतं, खातं चालू आहे का हे विचारायला परत जातच नाही. आणि दुसऱ्या एका अॅपने स्वतःचंच सेशन ठेवलं होतं, तिथे मी संध्याकाळपर्यंत आत होतो. माझ्या मांडणीत काही चुकलंय का?

---

किल्लीजुडगा

तुमचं काहीही चुकलेलं नाही. चूक माझ्या वाक्यात आहे. आमच्याकडे टोकनची मुदत पंधरा मिनिटं आहे, आणि ते मी सगळीकडचं सत्य म्हणून लिहून टाकलं. दुरुस्त मजकूर:

*मुख्य खातं निष्क्रिय केल्याने नवीन लॉगिन थांबतं. आधीच दिलेलं टोकन त्याच्या मुदतीपर्यंत चालू राहू शकतं, आणि अॅपने स्वतः ठेवलेलं सेशन त्याहूनही पुढे. म्हणून रिफ्रेश टोकन (मुदत संपल्यावर नवं टोकन मिळवून देणारी) रद्द करावीत, अॅपमधली सेशन वेगळी संपवावीत, आणि प्रत्येक अॅपमध्ये प्रवेश किती वेळाने थांबतो हे स्वतः मोजून इथे लिहावं.*

*मोजलेलं: अॅप १, सही आणि मुदत तपासणारं: ५२ मिनिटं. अॅप २, स्वतःचं सेशन ठेवणारं: संध्याकाळपर्यंत. पालक: किल्लीजुडगा. तपासणारा: नवखा_०७.*